पट्टीवरच्या दोन खुणा

(तालुक्याच्या वाचनालयात गाडीमालक आणि चालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, पहिल्या रांगेतून दोन वस्तू फिरवायला देतोय. हातात घेऊन बघा आणि मागे द्या. अर्ध्या बांगडीसारख्या दिसतात. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडमध्ये, क्रँकभोवती म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या बेरिंगच्या या वाट्या. एक राखाडी, गुळगुळीत आहे. दुसरीवर बोट फिरवा. वरचा मऊ धातू पुसून कडेला गेलाय, आतलं तांबं उघडं पडलंय, पाठ जळून काळी झालीय. पहिली वाटी दीड लाख किलोमीटर चालली. दुसरी जायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दोन्ही इंजिनांत ऑइल चांगलंच होतं. दुसऱ्यात ते पुरेसं नव्हतं, एवढाच फरक.

मी आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं मोटार मेकॅनिक ट्रेड शिकवला. नव्या मुलांना पहिल्या दिवशी विचारायचो, ऑइल काय करतं? उत्तर ठरलेलं: घासू देत नाही, बैलगाडीच्या आसाला वंगण लावतात तसं. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. बैलगाडीचं चाक मिनिटाला पंधरा-वीस फेरे घेतं. हायवेवर तुमच्या गाडीचा क्रँक मिनिटाला तीन हजार फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पन्नास. नुसतं चोपडलेलं वंगण तिथे टिकणार नाही. सुरळीत चालणाऱ्या इंजिनमध्ये बेरिंगच्या धातूला क्रँकचा धातू लागतच नाही. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि त्या थरावर क्रँक तरंगत असतो.

हे तरंगणं माणसाच्या लक्षात कसं आलं, ती हकिकत मला फार आवडते. १८८३ साली इंग्लंडमध्ये टॉवर नावाचे एक इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेरिंगवर प्रयोग करत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वरून बेरिंगची अर्धी टोपी. तेल सोडायला म्हणून त्यांनी टोपीला वरून भोक पाडलं. आस फिरू लागला आणि तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागलं. त्यांनी बूच मारलं, ते बाहेर फेकलं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू सरकत वर आली. मग त्यांनी तिथे दाबाचा गेज बसवला. काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला! बेरिंगवर ठेवलेला भार सरासरीने चौरस इंचाला १०० पौंड होता. म्हणजे तेलानं तो भार उचलून धरला होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. फिरणारा आस चिकट तेलाला स्वतःबरोबर ओढतो, निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कोंबतो आणि त्यातून दाब तयार होतो. भर पावसात वेगातल्या गाडीचा टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. तोच प्रकार.

आपल्या इंजिनमधली ही फट साधारण डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी असते. जिथे भार येतो तिथे ऑइलचा थर उरतो काही मायक्रॉनचा. आणि हा थर एकदा भरला की झालं, असं नाही. ऑइल दोन्ही कडांनी सतत बाहेर पडत असतं, म्हणून तितकंच सतत आत यावं लागतं. खाली चेंबरमध्ये ऑइल साठलेलं असतं, जाळीतून पंप ते ओढतो, फिल्टरमधून गाळून गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेत ढकलतो, तिथून बेरिंगना, कॅमशाफ्टला, टर्बो असेल तर टर्बोला. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑइलवरच तरंगत.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. रेडिएटरचं पाणी ब्लॉक आणि हेड थंड करतं. क्रँकपर्यंत, बेरिंगपर्यंत ते पोचत नाही. तिथली उष्णता ऑइलच वाहून आणतं आणि चेंबरमध्ये येऊन थोडं निवतं. ऑइल कमी असलं की तेवढंच ऑइल जास्त वेळा फिरतं, निवायला त्याला उसंत मिळत नाही, ते जास्त तापतं, पातळ होतं आणि थरही दुबळा होतो.

आता घाटात चला. आंबा घाट घ्या, कुंभार्ली घ्या. ऑइल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलंय आणि वळणावर गाडी कलली. चेंबरमधलं ऑइल एका बाजूला धावतं, जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. दाब पडतो. वळण सरलं की ऑइल परत येतं, गाडी ठीक चाललीय असं वाटतं. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. प्रत्येक वेळी बेरिंगचा थोडा थोडा धातू जातो. शेवटी इंजिन ठोका देऊ लागतं, तेव्हा चालकाला कळतं.

त्या काळ्या वाटीची गोष्ट याहून सोपी आणि जास्त वाईट आहे. कच्च्या रस्त्यावर दगड लागून चेंबर फुटलं. लाल दिवा लागला. चालकानं विचार केला, गाव दोन किलोमीटरवर आहे, तिथवर नेऊ. गाव यायच्या आधी इंजिन पकडलं. क्रँक, एक रॉड, बेरिंगचा सगळा संच गेला. माणूस टॅक्सीवर घर चालवणारा होता, गाडी सव्वा महिना उभी राहिली. म्हणून हात जोडून सांगतो, तो ऑइलच्या किटलीचा लाल दिवा ऑइल किती आहे हे सांगत नाही. तो दाब पार खाली आल्यावरच लागतो. चालू गाडीत तो लागला तर गाडी कडेला घ्या आणि तिथल्या तिथे इंजिन बंद करा. दोन किलोमीटर तर नाहीच, दोनशे मीटरही नाही.

हे ऐकून बरेच जण म्हणतात, मग थोडं जास्तच घालून ठेवू, कमी पडायची भीती नको. मीही पूर्वी मुलांच्या हातून असं घडताना पाहिलंय. घरी ताक घुसळताना रवी वरच्या वर फिरली की फेस किती येतो, आठवा. क्रँकला मोठी वजनं असतात. ऑइल वरच्या खुणेच्या फार पुढे गेलं की ती वजनं ऑइलवर आपटू लागतात आणि चेंबरमध्ये रवी फिरते. फेस म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेली हवा. पंप तो फेस ओढतो. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून फेसाचा थर क्रँकचं ओझं पेलू शकत नाही. म्हणजे बघा, ऑइल कमी असलं तरी बेरिंगला हवा मिळते आणि जास्त असलं तरी हवाच मिळते. शिवाय जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून इंजिनच्या हवेच्या वाटेत जातं आणि जळतं, निळा धूर येतो, सील गळतात, सायलेन्सरच्या वाटेतला, धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. डिझेल इंजिनमध्ये हे फार झालं तर इंजिन स्वतःचं ऑइलच इंधन म्हणून जाळू लागतं आणि किल्ली काढली तरी बंद होत नाही.

योग्य मापाची ही काळजी नवी नाही. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला ना ऑइल पंप होता, ना पट्टी. फ्लायव्हील ऑइल उडवायचं, तेच सगळीकडे जायचं. तळाशी दोन तोट्या होत्या, एक खाली, एक वर. मालकानं गाडीखाली वाकून त्या उघडायच्या. खालचीतून ऑइल आलं आणि वरचीतून आलं नाही, तर माप बरोबर. आपल्या पट्टीवरच्या दोन खुणा म्हणजे त्याच दोन तोट्या, फक्त हाताशी आलेल्या.

नव्या डिझेल गाडीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांनुसार बनलेल्या गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ करायला इंजिन अधूनमधून जादा डिझेल सोडतं. गाडी फक्त गावातल्या गावात फिरली तर ही सफाई अर्धवट राहते आणि काही डिझेल पिस्टनच्या रिंगवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसतं. मालक खूश होतो, आपली गाडी ऑइल खात नाही म्हणून. ते पातळ झालेलं ऑइल असतं, ते बदलावंच लागतं.

पट्टी बघायची कशी, तेही सांगतो. गाडी सपाटीवर हवी, उतारावरचं माप खोटं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, वर गेलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरू द्यायचं. काही कंपन्या थंड इंजिनवर बघायला सांगतात, आपल्या गाडीचं पुस्तक उघडा. पहिल्यांदा पट्टी काढली की ते माप धरायचं नाही, पुसून पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या अर्ध्यात असेल तर उत्तम. बऱ्याच गाड्यांत खालून वरच्या खुणेपर्यंत लिटरभराचा फरक असतो, त्यामुळे कमी असेल तर पाव लिटर घाला, थांबा, परत बघा. सर्व्हिसिंगहून गाडी आली की त्याच दिवशी स्वतः बघा. जास्त भरलं असेल तर काढून घ्यायला लावा, संकोच करू नका.

ऑइल काळं झालंय म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये तर ते लवकर काळं होतंच. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

माझी गाडी बाहेर वडाखाली सपाट जागेवर तासाभरापासून उभी आहे. कापडाचं फडकं बॉनेटवर ठेवलंय. ज्यांनी आजवर स्वतःच्या हातानं पट्टी काढलेली नाही, त्यांनी आधी पुढे या.