वेटिंग चौदा

श्रोतेहो नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, गाव कणकवलीच्या जवळ, म्हणजे पक्का चाकरमानी, आणि आज मला बोलायचंय ते गणपतीच्या रिझर्वेशनबद्दल. मुंबई ठाण्यात राहणाऱ्या कोकणातल्या माणसाला हा विषय काढला की पोटात गोळाच येतो.

गेल्या वर्षी, २०२५ ला, चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आम्हाला शनिवारी २३ ला निघायचं होतं. आधी बुकिंग १२० दिवस अगोदर उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं, म्हणजे २३ ऑगस्टच्या गाडीचं बुकिंग २४ जूनला सकाळी ८ वाजता. घरात चार माणसं, मी, बायको, मुलगी आणि आई. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला खालचाच बर्थ लागतो, वर चढणं सोडाच, मधला बर्थ उघडला की तिला नीट बसताही येत नाही. म्हणून आम्ही तयारी केली होती. मी मोबाइलवर, भाचा लॅपटॉपवर, आणि शेजारचा भाऊ पहाटे साडेचारला खिडकीवर लायनीत. सगळ्यांची नावं, वयं आधीच भरून ठेवलेली. आठ वाजले, आत गेलो, सीट दिसत होत्या, कॅप्चा टाकला, पैसे भरायच्या पानावर गेलो आणि बँकेचा ओटीपीच येईना. आला तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती, पैसे कापले गेले आणि तिकीट काही बनलं नाही. परत पाहिलं तर वेटिंग ९४. थोड्या वेळाने तेही बंद, नुसतं रिग्रेट. खिडकीवरचा भाऊ लायनीत तिसरा होता, पहिल्या दोघांचे फॉर्म होईपर्यंत त्याच्याही हाती वेटिंगच आलं.

संध्याकाळी गावाहून काकांचा फोन. ‘गाडयेचा काय झाला रे? वयनीक घेवन येतलास मा?’ काय सांगणार त्यांना, म्हटलं बघतो. पैसे पाच दिवसांनी परत आले, पण सीट थोडीच परत येते.

मग जुलैत जादा गाड्या जाहीर झाल्या. त्या वर्षी देशभरात मिळून गणपती स्पेशलच्या ३८० फेऱ्या होत्या, ही मोठी गोष्ट आहे आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. पण माझं म्हणणं एवढंच आहे की चतुर्थी कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं, मग या गाड्या नेहमीच्या गाड्यांचं बुकिंग उघडायच्या आधीच का जाहीर होत नाहीत? तसं झालं तर २४ जूनच्या सकाळी सगळी मुंबई त्याच चार गाड्यांवर तुटून पडणार नाही. स्पेशलमध्ये आम्हाला चार सीट मिळाल्या, दोन एका डब्यात दोन दुसऱ्या, आणि आईला अप्पर. एका कॉलेजच्या मुलाने स्वतःहून आपला लोअर दिला म्हणून तिची रात्र निघाली.

आता जे खरं सांगायचंय ते परतीचं. गौरी गणपती विसर्जन २ सप्टेंबरला, त्याच रात्रीचं कणकवलीहून तिकीट मी ४ जुलैला काढलं होतं. वेटिंग ११, १२, १३, १४. मला वाटलं चौदा म्हणजे काहीच नाही, दोन महिन्यांत सहज कन्फर्म होणार. ऑफिसातला एक जण म्हणाला मागच्या वर्षी माझं साठाचं झालं होतं. त्या भरवशावर मी बसलो, एसटी बघितली नाही, खाजगी बसही बघितली नाही. चार्ट लागला आणि आमचं वेटिंग आठवर येऊन थांबलं.

नंतर समजलं की वेटिंग सगळं एकसारखं नसतं. गाडी जिथून सुटते त्या टोकाच्या प्रवाशांचं जनरल वेटिंग, त्यात सीट जास्त, रद्द होणारी तिकिटंही जास्त, म्हणून ते भराभर सरकतं. मधल्या स्टेशनांना वेगळा छोटा कोटा असतो, तिकिटावर पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल अशी अक्षरं येतात, आणि त्यातलं वेटिंग सरकतं ते मुख्यतः त्याच कोट्यातल्या कुणी रद्द केलं तर. गौरी विसर्जनाच्या रात्री कणकवली, कुडाळहून तिकीट कोण रद्द करणार हो! म्हणजे ऑफिसातल्या त्या माणसाचं साठ जनरलमधलं होतं आणि माझं चौदा दुसरंच होतं. तिकिटावर ती अक्षरं आहेत, नाही असं नाही, पण त्यांचा अर्थ कुणी सांगितला? ऑनलाइन वेटिंगचं तिकीट चार्टनंतर आपोआप रद्द होतं, स्लीपर किंवा एसीत चढायची परवानगी नाही, आणि माणशी ६० रुपये वर जीएसटी कापून बाकीचे परत. मग आईला घेऊन आम्ही रात्री दुप्पट भाड्याच्या बसने निघालो आणि घाटात तिचा पाय सुजला.

यावर आमच्याकडचे जाणते लोक काय करतात माहितीये? कणकवलीला उतरायचं असलं तरी तिकीट मडगावपर्यंत काढतात, आणि येताना मडगावहून काढून बोर्डिंग कणकवली टाकतात. मोठ्या कोट्यात नाव लागतं म्हणून. मी त्यांना दोष देत नाही, मीही यंदा तेच करणार आहे, पण कणकवली ते मडगाव ती सीट रिकामी धावते आणि सावंतवाडीचा माणूस तिथे उभा राहून जातो, हे बघवत नाही.

कुणी म्हणेल अजून गाड्या सोडा. तेही तितकं सोपं नाही, कारण रोहा ते ठोकूर ही ७४१ किलोमीटरची लाइन, त्यात रोहा ते वीर हे सुमारे ४७ किलोमीटर सोडले तर जवळपास सगळी एकेरी आहे. समोरून गाडी आली की आपली बाजूला उभी. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांनी ही रेल्वे उभी करायला जीव ओतला, १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर गाडी धावली. आमच्या काकांची काजूची कलमं त्या रुळाखाली गेली. ते अजून अभिमानाने जागा दाखवतात, इथे आपली झाडं होती म्हणून. त्या माणसाच्या वहिनीला त्याच गाडीत बसायला जागा मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मला फार काही नको आहे. तिकीट काढतानाच स्वच्छ मराठीत लिहून यावं की हे वेटिंग लहान कोट्यातलं आहे, गेल्या वर्षी या तारखेला यातली इतकीच कन्फर्म झाली होती. तेवढं कळलं असतं तर मी जुलैतच एसटीचं बुकिंग केलं असतं.

यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शुक्रवारी ११ तारखेला निघणार असाल तर बुकिंग १३ जुलैला सकाळी ८ वाजता उघडेल. रेल्वेच्या ऑनलाइन बुकिंगच्या खात्याला आधार जोडून ठेवा, बुकिंग उघडतं त्या दिवशी आता त्याशिवाय ऑनलाइन तिकीट निघत नाही. आणि तुतारी एक्सप्रेसने जाणार असाल तर तारीख दोनदा बघा, दादरहून ती रात्री बारा पाचला सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारचं, १२ तारखेचं काढायचं. आदल्या दिवशीचं तिकीट घेऊन प्लॅटफॉर्मवर बॅगा धरून उभी राहिलेली कुटुंबं मी बघितली आहेत, लहान मुलं झोपलेली खांद्यावर.

नमस्कार.