मुदत टळलेले अपील

श्रोतेहो, नमस्कार. दिवाणी दाव्याचा निकाल विरोधात गेला, तर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास 30 दिवस आणि उच्च न्यायालयात 90 दिवस मिळतात. ही मुदत टळली, तरी 1963च्या मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत देता येतो. त्याला शपथपत्र जोडावे लागते आणि त्यात उशिराचे पुरेसे कारण द्यावे लागते. पुन्हा सांगतो : अर्ज, शपथपत्र आणि पुरेसे कारण.

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी दावा हरलेले एक वयस्कर पक्षकार 14 ऑगस्टला काठी टेकत माझ्याकडे आले. निकाल 3 जूनचा होता. “बेचाळीस दिवस वर गेले, वकीलसाहेब, आता काय उरलंय?” असे म्हणून त्यांनी निकालाची नक्कल टेबलावर ठेवली. मी ती उलटी केली. नक्कल हाती पडताच लोक शेवटचे पान शोधतात. माझ्या मते आधी मागचा शिक्का वाचावा. नकलेसाठीचा अर्ज 24 जूनचा, नक्कल तयार 15 जुलैला. हे 22 दिवस मुदतीतून वगळले जातात, म्हणून मुदत 25 जुलैला संपली होती आणि उशीर 20 दिवसांचाच होता.

20 जुलैला ते बांधावरून घसरले होते आणि पाय मोडल्याचा डॉक्टरांचा दाखला 6 ऑगस्टपर्यंतचा होता. राहिले आठ दिवस. “टायफॉइड लिहा की,” ते म्हणाले. आमच्या भागात टायफॉइड दवाखान्यांपेक्षा शपथपत्रांतच अधिक आढळतो, आणि मला त्याचा मनापासून तिटकारा आहे. मी पेन खाली ठेवले, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, “पाय मोडला तेव्हा त्यानंच मला ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं. घरी आल्यावर त्याच्यावर अपील करायला जीव होईना.”

दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असल्यामुळे आम्ही त्याच दिवशी, हेच कारण जसेच्या तसे शपथपत्रात लिहून, अपील आणि अर्ज दाखल केले.

प्रत्येक दिवसाचा खुलासा मागताना तर्कदुष्टपणा करू नये, तसे असेल तर प्रत्येक तासाचा का मागू नये, अशा अर्थाचे सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात म्हटले आहे. तरीही माफी हा हक्क नव्हे; निष्काळजीपणा दिसला, तर थोडा उशीरही नडतो. शिवाय, न्यायालय अपील ऐकण्याचे ठरवीपर्यंत हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालातील आदेशाच्या, अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही, हे विसरू नये.

आमच्या अर्जाला समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी शपथपत्रातील तो परिच्छेद दोनदा वाचला आणि चुलतभावाला विचारले, “ट्रॅक्टर तुमचाच का?” त्यांनी मान हलवली. विलंब माफ झाला. विरुद्ध पक्षाला 500 रुपये खर्च देण्याची अट पडली. न्यायालयाच्या व्हरांड्यात आमच्या पक्षकारांनी नोट पुढे केली. चुलतभावाने ती खिशात घातली आणि म्हणाले, “डिझेलचे फिटले, दादा. पाण्याचं आता वर बघू.”