कोई है?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘वसाहतकाळातील खाद्यसंस्कृती’. हे नाव संयोजकांनी दिलंय. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की भाच्याबरोबर एका हॉटेलात जेवायला गेले होते, त्याबद्दल बोलेन. तेव्हा संस्कृतीच्या आशेनं कुणी आलं असेल तर त्यांची निराशा होणार. पण पंखे चांगले आहेत, बसा.

भाच्याच्या लग्नाला दहा वर्षं झाली. म्हणून तो आम्हा सगळ्यांना सांगलीहून गाडी काढून थेट सातारच्या अलीकडे, महामार्गावरच्या एका हॉटेलात घेऊन गेला. नाव सांगत नाही. ‘राज’ थीम आहे म्हणाला, म्हणजे इंग्रजी राजवटीचा थाट. वेताच्या खुर्च्या, पितळी दिवे, छताला दोरीनं ओढायचा कापडी पंखा. तो आता मोटरवर हलतो, हवा मात्र एसीची. भिंतीवर मेलेल्या वाघावर बूट ठेवून उभे असलेले साहेब आणि शेजारी १८७७ च्या दिल्ली दरबाराचं चित्र. दारात तुरेवाला फेटा आणि कमरेला लाल पट्टा बांधलेला माणूस. वाढणाऱ्या मुलांच्या हातात पांढरे हातमोजे. मेन्यूकार्ड आमच्या शाळेच्या मस्टरएवढं जाड.

भाच्यानं आधीच बजावलं, “आत्या, आज इतिहास नको. नुसतं खा.” मी बरं म्हटलं. आणि पहिलंच नाव आलं, मुलिगटॉनी सूप, ३४० रुपये.

आता गप्प कसं बसायचं? तमिळमध्ये मिळगु म्हणजे मिरी आणि तण्णी म्हणजे पाणी. मिऱ्याचं पाणी, बास. मद्रासच्या साहेबाला जेवणाच्या सुरुवातीला सूप लागायचं आणि तिकडच्या घरात अशी सुरुवात करायची पद्धतच नव्हती. खानसाम्यानं काय केलं असेल, तर भातावर ओतायचं पातळ सार वाडग्यात घालून पुढे ठेवलं. साहेबाला ते फारच पातळ वाटलं, तेव्हा त्यात मांसाचा रस आला, डाळ आली, चमचाभर भातही आला. सर्दी झाली की आपण घरोघरी मिऱ्याचं कढण करतो, त्याचं बिल कुणी फाडत नाही. पण खरं सांगते, सूप झकास होतं. मी दोनदा घेतलं.

आमच्या वहिनींची मात्र फसगत झाली. त्यांनी ‘केजरी’ मागवली. खिचडीच आहे म्हणून भाच्यानं सांगितलं आणि ते खोटंही नाही, नाव खिचडीवरूनच आलंय. पण साहेबानं ती विलायतेला नेली, डाळ काढून टाकली, धुरावलेला मासा आणि उकडलेली अंडी घातली आणि सकाळच्या न्याहारीला खायला लागला. वहिनींचा चतुर्थीचा उपास नुकताच सुटलेला. पुढ्यात मासा बघून त्यांनी भाच्याकडे जे पाहिलं, ते इथं सांगता येणार नाही.

पुढे मुख्य जेवणात ‘डाक बंगला चिकन’. हे नाव वाचून मला आपले मुसाफिरी बंगले आठवले. साहेब दौऱ्यावर निघाला की बंगल्यावर अवेळी टपकायचा. खानसामा लांबून धूळ बघायचा आणि अंगणातल्या कोंबडीमागे धावत सुटायचा. अर्ध्या तासात ती ताटात. साहेब लोकांनी या पदार्थाला ठेवलेलं नाव होतं ‘सडन डेथ’, अचानक मरण. कार्डावर ते छापलेलं नव्हतं. गंमत म्हणजे खानसामा हा मूळचा फारसी शब्द, घरातल्या सामानसुमानावर ज्याची सत्ता तो. पुढे बंगल्यावर कोंबडी पकडण्याचं कामही त्याच्याकडेच आलं.

आणि करी पावडर. हा सांगलीच्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून इथं जरा थांबते. १७४७ साली लंडनमध्ये पाककृतींचं एक पुस्तक छापून निघालं. त्यात हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृती आहे. कोंबडी किंवा ससा घ्या, कांदा, तीस मिरे, आणि धने स्वच्छ फावड्यावर भाजा. फावडं! तवा नाही, कढई नाही. इंग्रज बाईच्या घरात शेकोटीजवळ फावडं असायचं, तेच तिनं हाताशी घेतलं. पण त्या पहिल्या कृतीत हळद नाही. हळद पुढच्या आवृत्त्यांत आली. मग मात्र ती अशी बसली की विलायतेत करी म्हणजे पिवळीच, असं ठरून गेलं. दुकानात डब्यात मिळायला लागली. तो पिवळा रंग म्हणजे आपला धंदा. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत पेवं खणून त्यात हळकुंडं ठेवायची, तोंड बंद करायचं आणि भाव येईपर्यंत वर्षानुवर्षं विसरून जायचं. तिथली मातीच अशी की आतली हळद किडत नाही. २००५ च्या महापुरात त्या पेवांची वाट लागली, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. तर अशी ही हळद. आणि समोर करीचा वाडगा ठेवून तो मुलगा मला सांगत होता, “मॅडम, धिस इज अवर ब्रिटिश करी.”

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. पांढऱ्या हातमोज्याच्या अंगठ्यावर पिवळा डाग.

मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायचीय, त्यासाठीच खरं तर आज आले. त्या काळी हिंदुस्थानातल्या इंग्रजांची इलाख्यानुसार टोपणनावं होती. मद्रासवाले ‘मल’, मुलिगटॉनी पितात म्हणून. आपले मुंबईवाले ‘डक’, बोंबील खातात म्हणून. बोंबलाला ते बॉम्बे डक म्हणायचे. आणि बंगालवाले ‘क्वाय हाय’. म्हणजे काय, तर ‘कोई है?’ नोकराला नावानं हाक मारायची नाही. व्हरांड्यात आरामखुर्चीत पडून नुसतं ओरडायचं, कोई है? कुणी ना कुणी धावत येतंच. या तिघांतले दोघे खाण्यावरून ओळखले जातात, तिसरा हाकेवरून.

हे मी भाच्याला सांगत होते. तो नाही म्हणाला असतानाही. तेवढ्यात माझ्या ग्लासातलं पाणी संपलं. मी हात वर केला, मान मागे न वळवता, आणि म्हणाले, “अरे, कुणी आहे का तिकडे?”

भाचा हसला नाही. सूनबाई हसली.

मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. शिपायालासुद्धा मी कधी नावाशिवाय हाक मारलेली नाही. खानावळीत जेवते तेव्हा ‘दादा, जरा रस्सा’ असं म्हणते. मग ही हाक कुठून आली? माझं म्हणणं एवढंच आहे की ती खुर्चीतून आली. एवढ्या रुंद खुर्चीत, फेटेवाल्यांच्या पहाऱ्यात, भिंतीवरच्या साहेबांच्या रांगेखाली तासभर बसलं की हात आपोआप वर जातो. हॉटेलवाला पदार्थ विकतच नाही, ते बरेचसे आपलेच आहेत. तो ती खुर्ची भाड्यानं देतो.

तो मुलगा पाणी घेऊन आला. मी ओशाळून विचारलं, “गाव कुठलं रे तुझं?” त्यानं इकडेतिकडे पाहिलं, इंग्रजी सोडलं आणि म्हणाला, “विट्याजवळ, मावशी.”

खानापूर तालुका. मी भिंतीवरच्या दरबाराकडे पाहिलं. १ जानेवारी १८७७. राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायला दिल्लीत राजेरजवाडे जमलेले, मेजवान्या झडतायत. आणि त्याच महिन्यात मुंबई इलाख्यात दुष्काळी कामावरच्या गड्याची शिधामजुरी कापून एक पौंड धान्यावर आणली, वर एक आणा. पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि दिवसभर खडी फोडायची. मजुरांनी संप केला. पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेनं त्यांची बाजू लावून धरली. माण, खटाव, खानापूर, हा सगळा पूर्वेचा पट्टा तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात होता. त्याच पट्ट्यातलं पोर त्या दरबाराच्या चित्राखाली उभं होतं आणि माझ्या ग्लासात पाणी ओतत होतं. मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. भाच्याला शब्द दिला होता, तो तोपर्यंत पुरेसा मोडून झाला होता.

शेवटी कॅरॅमल कस्टर्ड आलं. आमच्या वेळी हळदीकुंकवाला कुणाकडे हे केलं असेल तर आठवडाभर चर्चा चालायची. इथलं चांगलं होतं, जरा जास्त गोड. बिलाचा आकडा भाच्यानं मला दाखवला नाही.

निघताना मी त्या मुलाला विचारलं, “हातमोज्याला हळद लागलीय, ओरडत नाहीत का?”

“ओरडतात की. जोडीचे पैसे कापतात.”

“अरे, साबण लावून उन्हात वाळत घाल. हळदीचा डाग उन्हानं उडतो.”

“आई पण तेच सांगते,” तो म्हणाला. “पण मोजे घरी न्यायला देत नाहीत. इथं मागं सगळी शेड आहे, मावशी. ऊन येत नाही.”