मुलाखतीआधीचा फोन

(दृश्य : इंग्लंडमधलं एक सरकारी रुग्णालय. वॉर्डात सकाळची राउंड सुरू आहे.)

या वॉर्डात प्रत्येक पेशंटच्या डोक्याशी पाटी आहे आणि तिच्यावर एका डॉक्टरचं नाव. ते नाव कन्सल्टंटचं. राउंडला चार डॉक्टर असोत नाहीतर आठ, पेशंटच्या उपचारांचा शेवटचा शब्द याचा आणि शेवटची जबाबदारीही याचीच.

मुंबई, पुणे, नागपूर, मिरज इथल्या कॉलेजांतून निघालेले कितीतरी मराठी डॉक्टर आज एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, आहेत. प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीची तिथली परीक्षा, दिली, रजिस्ट्रार म्हणून, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखाली, वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्या, आणि आता समोर कन्सल्टंटची जागा आहे. सीसीटी, म्हणजे तज्ज्ञाचं प्रशिक्षण तिथे पुरं झाल्याचा दाखला, मिळायला सहा महिने उरले की या मुलाखतीला बसता येतं. ज्यांनी हे प्रशिक्षण तिथे पुरं केलेलं नाही, ते आपल्या शिक्षणाचे आणि अनुभवाचे पुरावे मांडून, म्हणजे पोर्टफोलिओच्या मार्गाने, जीएमसीच्या (डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या संस्थेच्या) स्पेशालिस्ट रजिस्टरवर येतात. इथवर आपली माणसं कुठेही कमी पडत नाहीत. अडतं ते पुढे.

शॉर्टलिस्टची ईमेल येते. मुलाखतीची तारीख, वेळ, जागा. आणि खाली एक साधी ओळ असते : भेटीसाठी यांच्याशी संपर्क साधावा. विभागाचे प्रमुख डॉक्टर म्हणजे क्लिनिकल डायरेक्टर, साऱ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांचे प्रमुख म्हणजे मेडिकल डायरेक्टर, कधी खुद्द चीफ एक्झिक्युटिव्ह.

आपल्याकडून गेलेला डॉक्टर इथे थबकतो. मुलाखत घेणाऱ्यालाच आधी जाऊन भेटायचं? आपल्याकडे याला वशिला लावणं म्हणतात, आणि सरळमार्गी माणूस त्यापासून चार हात लांब राहतो. म्हणून तो फोन करत नाही, आणि घरी बसून मन लावून पुस्तकं वाचतो.

हे बघून जीव तुटतो, कारण तिथे अर्थ नेमका उलटा लागतो. ही भेट सगळ्या उमेदवारांना खुली असते, सगळ्यांना सारखी. जो येत नाही, त्याला या जागेत फारसा रस नसावा असंच धरलं जातं. विचार करा, इथे पुढची वीस-पंचवीस वर्षं एकत्र काम करायचं आहे. स्थळ दोन्हीकडून पाहायचं असतं.

(दृश्य : रुग्णालयाचा कॉरिडॉर, थिएटरबाहेरचा बोर्ड, ओपीडीतली गर्दी.)

तर जा आणि डोळे उघडे ठेवून जा. वेटिंग लिस्ट किती लांब आहे? रेफरलपासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा एनएचएसचा दंडक आहे. हा विभाग त्यात कुठे बसतो? रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनचा अहवाल कुणालाही वाचता येतो. त्यात ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा असेल तर तो का, हे जाण्याआधीच वाचलेलं असावं. सिस्टर-इन-चार्जशी दोन शब्द बोला, सेक्रेटरीशी बोला. विभागाची दुखरी नस कुठली, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मुलाखतीत बहुधा पाच-दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन द्यावं लागतं, आणि विषय साधारण असा असतो : पहिल्या वर्षात तुम्ही या विभागासाठी काय कराल? जो जाऊन आला नाही, तो इथे काय बोलणार?

(दृश्य : बैठकीची खोली. लांब टेबल, रिकाम्या खुर्च्या.)

आता ती खोली. या समितीचं नाव ॲडव्हायझरी अपॉइंटमेंट्स कमिटी. तिचे नियम १९९६ सालचे. अध्यक्षस्थानी बहुतेक वेळा डॉक्टर नसलेली व्यक्ती असते. शिवाय चीफ एक्झिक्युटिव्ह किंवा त्यांचा प्रतिनिधी, मेडिकल डायरेक्टर, त्याच विषयाचा तिथला कन्सल्टंट, आणि रॉयल कॉलेजने, म्हणजे त्या विषयाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने, सुचवलेला बाहेरचा तज्ज्ञ. शिकवण्याचं काम मोठं असेल तर विद्यापीठाचंही कुणी. सगळ्या उमेदवारांना प्रश्न सारखे, आणि प्रत्येक सदस्य आपापले गुण मांडतो.

औषधाचा डोस इथे कुणी विचारत नाही. ती परीक्षा होऊन गेलेली असते. एक नेहमीचा प्रश्न बघू : सकाळी राउंडला तुमच्या सहकारी कन्सल्टंटच्या तोंडाला दारूचा वास येतो. काय कराल?

आपल्या मनात पहिलं काय येतं? सीनिअर आहे, घरचे काही प्रश्न असतील, आज त्याचं काम आपण सांभाळून घेऊ, संध्याकाळी बाजूला घेऊन बोलू. यात माया आहे, हे खरंच. पण पॅनेलला आधी पेशंट हवा. त्या सहकाऱ्याला तत्क्षणी कामातून बाजूला करायचं. त्याच्या पेशंटची सोय लावायची. क्लिनिकल डायरेक्टर किंवा मेडिकल डायरेक्टरला त्याच दिवशी सांगायचं. आणि मग त्याला मदत मिळेल, तो सुखरूप घरी पोचेल, हे पाहायचं. माया इथेही आहे, फक्त तिची पाळी नंतर येते.

पॅनेल इतकं काटेकोर का, याला इतिहास आहे. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयात पेशंटची भयंकर हेळसांड झाली, आणि ती पाहणाऱ्यांचा आवाज दबून राहिला. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल २०१३ साली आला. २०१४ पासून इंग्लंडमध्ये, उपचारांत चूक होऊन पेशंटला इजा झाली तर ते त्याला उघडपणे सांगणं आणि माफी मागणं हे रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक झालं. म्हणून ‘तुमच्या हातून झालेली चूक सांगा’ हा प्रश्न येतोच. ‘माझ्या हातून तसं काही झालं नाही’ या उत्तरावर कुणाचाच विश्वास बसत नाही. काय झालं, पेशंटला काय सांगितलं, नोंद कुठे केली, आणि त्यानंतर विभागात काय बदललं, हे सांगायचं.

आणखी एक. आपल्याला ‘आम्ही’ म्हणायची सवय. आम्ही ऑडिट (म्हणजे उपचार ठरल्या निकषांप्रमाणे होतात का याची तपासणी) केलं, सरांनी सुरू केलं, युनिटने पुरं केलं. घरच्या वळणाने ही नम्रताच आहे. पण समोरच्या कागदावर गुण एकट्या तुमचे मांडायचे असतात. ऑडिटची कल्पना तुमची होती, तर ‘मी’ म्हणा. त्यात बढाई नाही.

पगाराचं कोष्टक ठरलेलं असतं, त्यावर वेळ घालवू नये. लक्ष द्यावं ते जॉब प्लॅनकडे, म्हणजे आठवड्याच्या कामाच्या वाटणीकडे. इंग्लंडमधल्या २००३ च्या करारानुसार पूर्णवेळ कन्सल्टंटचा आठवडा दहा सत्रांचा, एक सत्र साधारण चार तासांचं. त्यांतली साडेसात पेशंटसाठी आणि अडीच शिकणं, शिकवणं, ऑडिट यांसाठी, ही सर्वसाधारण वाटणी. काही जाहिरातींत अडीचच्या जागी दीड दिसतं. मग विभागाची बसवलेली घडी सांभाळायची कधी, आणि रजिस्ट्रारना शिकवायचं कधी? हे जरूर विचारा, पण पॅनेलसमोर नको. शेवटी अध्यक्ष विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? तोवर तुमच्याकडे विचारण्यासारखं काही उरलेलं नसावं. जॉब प्लॅनचं बोलणं क्लिनिकल डायरेक्टरशी त्या पहिल्या भेटीतच व्हायला हवं.