ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका

मंडळी, चवथ झाली की पुढच्या आठवड्यात मला बहुतेक एकाच तऱ्हेचे फोन येतात. सणाला घर माणसांनी भरणार म्हणून कुणीतरी म्हापशाहून चार नवे मासे आणून थेट टँकमध्ये सोडलेले असतात. विसर्जन होतं, पाहुणे जातात, घरचे जरा टेकतात आणि मग दिसतं की मोली माशाच्या शेपटीवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आलेत. दुकानातून औषध येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके जातात, औषध बंद होतं. आणि आठवड्याने सगळ्या टँकभर ठिपके.

या रोगाला आपण 'इक' म्हणतो. त्या एकपेशीय जीवाचं पूर्ण नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. मल्टिफिलिस म्हणजे पुष्कळ लेकरांचा, आणि सगळी मेख इथेच आहे. ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसून माशावर पोसणारा जीव. तिथे त्याला औषध पोचत नाही. पोट भरलं की तो स्वतःच माशाला सोडतो, तळातल्या खड्यांना चिकटतो, भोवती आवरण करतो आणि आत शेकडो पिल्लांत विभागतो. ठिपके गेले ते असे गेले! ही पिल्लं पाण्यात सुटून मासा शोधू लागतात, तेवढ्याच वेळात औषध त्यांना मारतं. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती आपसूक मरतात. २५ अंशांच्या आसपास हा फेरा आठवडाभराच्या आत पुरा होतो, थंड पाण्यात कितीतरी लांबतो. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवायचा.

पण औषधाच्या आधी निदान. मी जीवशास्त्र शिकवते, तरी माझ्या हातून झालेली चूक सांगते. माझ्या गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे दाणे आले. मी घाईने मॅलाकाइट ग्रीन हे इकवरचं औषध टाकलं. ते दाणे विणीच्या काळात नराला येतात तसले होते. मासा धडधाकट होता. औषधाने मात्र त्याचे हाल झाले, आणि ते मला अजून लागतं.

मासे खड्यांना अंग घासतात, तेव्हाही आधी पाणी तपासा. अमोनिया वाढला तरी मासे तसेच घासतात, आणि त्यावर उपाय पाणी बदलणं हाच. पाणी ठीक असेल तर ओल्या हाताने मासा धरा, कव्हरस्लिपच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचेच्या, कडेने डोक्याकडून शेपटीकडे अगदी हलका ओरखडा घ्या, त्या बुळबुळीत चिकट्यावर टँकचंच एक थेंब पाणी घाला आणि सूक्ष्मदर्शकाखाली चाळीस पटीत बघा. इकचा मोठा जीव सावकाश गरगरताना दिसतो, पोटात घोड्याच्या नालेसारखं केंद्रक. एकदा पाहिलात की विसरणार नाही. कृमी असेल तर लांबट अंग आखडतं-पसरतं, आणि मागच्या टोकाला आकडे दिसतात. कल्ल्यातला कृमी अंडी घालतो आणि अंड्यांवर प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध चालत नाही, म्हणून दुसरा डोस लागतो. गुदद्वारातून लाल धाग्यांसारखे जंत लोंबत असतील तर लेव्हामिसोल हे जंतांचं औषध. अंगावर सोनेरी धूळ पसरल्यासारखी दिसली तर तो वेगळाच जीव.

इकवर गोव्यात एक सोपा उपाय हाताशी आहे. आपल्या मिठागरांचं खडे मीठ, लिटरला दोन ग्रॅम, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडं थोडं घालायचं. कॅटफिश आणि झाडं असतील तर जपून. सोबत हीटरने पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत न्यायचं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप बंद पडता कामा नये. पावसात वीज गेली तर बॅटरीवरचा पंप घरात असू द्या.

आणि डोस टँकच्या आकारावरून घेऊ नका. ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरच्या टँकमध्ये हिशेबाने ५४ लिटर, पण खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ४५ लिटरच्या आसपास असतं. औषध त्या पाण्याला. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तोच औषध शोषतो. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा. व्हाळातले किंवा शेतातले मासे पोरं आणतात, त्यांच्या अंगावर उवा आणि आकड्यांचे कृमी हमखास येतात, तेव्हा त्यांना तर नक्कीच.

फोंड्याहून एक मुलगा आज बादलीत ठिपके आलेली मोली घेऊन आला आहे. बाहेर टेबलावर सूक्ष्मदर्शक लावला आहे. तिचा ओरखडा आपण आत्ता घेऊ, एकेक जण बघायला या, आणि बादलीवरचं झाकण कुणी उघडू नका, ती घाबरलेली आहे.