क नंतर स का येतो?

(दृश्य : वर्गातला फळा. त्यावर हिरागाना या जपानी लिपीचा तक्ता.)

विद्यापीठात जपानीचा पहिला तास. सगळा वर्ग एका सुरात म्हणतोय : आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को. मराठी कानाला यात परकं काहीच वाटत नाही. बाराखडीच की ही! आता तक्त्यातल्या पुढच्या ओळी बघा. क, स, त, न, ह, म, य, र, व. क्रम आपल्या ओळखीचा, पण स आणि ह मध्येच घुसलेले. आपल्याकडे ते पार शेवटी येतात. मग इथे कसे आले?

आज जपानी माणूस जिथे ह म्हणतो, तिथे फार पूर्वी प होता. स चा जुना उच्चारही च कडे झुकणारा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. आता तीच ओळ पुन्हा म्हणा : क, च, त, न, प, म, य, र, व. सगळी अक्षरं आपापल्या जागी! संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून हा क्रम जपानमध्ये रुजला.

मग भाषा शिकायला विद्यापीठात कशाला जायचं? कामापुरती जपानी मोबाइलवरही शिकता येते. दुभाष्याची, भाषांतराची नोकरी हवी म्हणून भाषा शिकणंही चांगलंच. पण स आणि ह चं हे कोडं सुटायला भाषा, लिपी, धर्म आणि इतिहास एकत्र घेऊन बसावं लागतं. तेवढी सवड आणि चुका दाखवणारे शिक्षक विद्यापीठात मिळतात. मला तरी पदवीपेक्षा ही सवड मोलाची वाटते.

(दृश्य : वहीवर दोन शब्द. किता. कामी.)

इंडोनेशियन भाषेत 'किता' म्हणजे आपण आणि 'कामी' म्हणजे आम्ही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, हिंदीतही 'हम' एकच. समोरच्याला आपल्यात धरायचं की नाही, हे इंडोनेशियन माणसाला आपल्यासारखंच बोलण्याआधी ठरवावं लागतं. तमिळमध्येही नाम् आणि नांगळ् अशी जोडी आहे. 'आपण' हा शब्द आपण जन्मभर वापरतो, पण त्यातली ही खुबी अशा एखाद्या तासाला पहिल्यांदा जाणवते.

(दृश्य : जुनी पोथी. शेजारी चिनी अक्षरांचं पान.)

चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग नालंदेत राहून शिकला. इ.स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला आणि ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत अनुवादाच्या कामात बुडून राहिला. त्याच्या आधीही कितीतरी अनुवादक हेच काम करत होते. अश्वघोषाचं 'बुद्धचरित' हे २८ सर्गांचं संस्कृत काव्य पाचव्या शतकात चिनी भाषेत गेलं. हे फार बरं झालं, कारण संस्कृतात आज चौदाव्या सर्गापर्यंतचाच भाग मिळतो, आणि तोही सुरुवातीला व शेवटी तुटलेला. सिद्धार्थाचं घर सोडणं, तपश्चर्या, मोहात पाडणाऱ्या 'मार'शी झुंज, हे मूळ शब्दांत वाचता येतं. पहिला धर्मोपदेश आणि महापरिनिर्वाण मात्र चिनी आणि तिबेटी अनुवादांतच उरलं आहे.

वर्गात संस्कृत वाचणारी मुलगी चौदाव्या सर्गाशी येऊन थांबते. शेजारी चिनी शिकणारा मुलगा पाच-पाच अक्षरांच्या ओळींवर बोट ठेवतो आणि पुढचं सांगू लागतो.