पहिला सेकंद

बसा, पुढे जागा आहे. विषय जाहीर झालाय ‘ॲड-इन लिहिणं आणि वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचवणं’. ॲड-इन म्हणजे तयार प्रोग्रामला आपण लावलेली छोटी जोड. लिहिणं तुम्हा सगळ्यांना येतं, म्हणून मी पोहोचवण्यावरच बोलायचं ठरवून आलोय. पण एका बटणाची गोष्ट आधी सांगू द्या.

आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रामसाठी मी एक ॲड-इन लिहिलं होतं, व्हीएसटीओ वापरून, म्हणजे ऑफिसची ॲड-इन लिहायच्या मायक्रोसॉफ्टच्याच साधनांनी. काम साधं. आलेला मेल निवडायचा, रिबनवरचं, म्हणजे वरच्या बटणपट्टीवरचं, ‘फायलीत टाका’ दाबायचं, यादीतून अशिलाचं नाव निवडायचं, की मेल त्याच्या फोल्डरमध्ये. माझ्या मशीनवर सुरेख चालायचं. ज्या कार्यालयासाठी केलं तिथेही काही दिवस चाललं. मग तिथल्या एका बाईंचा फोन आला, “अहो, तुमचं बटण गेलं.” मी ॲड-इन पुन्हा सुरू करून दिलं. थोड्या दिवसांनी परत फोन. “बटण परत गेलं. मी काही केलं नाही हं.”

ते शेवटचं वाक्य मला फार लागलं. चूक माझ्या कोडची, आणि खुलासा त्या देत होत्या. किती कार्यालयांत किती माणसं अशी उगाच स्वतःला दोष देत बसत असतील, सांगा!

झालं काय होतं? आउटलुक २०१३ पासून प्रत्येक ॲड-इनला सुरू व्हायला किती वेळ लागतो ते आउटलुक मोजून ठेवतं. पाच वेळच्या नोंदींचा मध्यक १००० मिलिसेकंदांच्या वर गेला, की ॲड-इन बंद. मध्यक, सरासरी नव्हे. पाच आकडे चढत्या क्रमाने लावले तर तिसरा. म्हणजे पाचांतले दोन दिवस कितीही हळू गेले तरी चालतं, तिसरा हळू दिवस आला की बटण गेलं. म्हणून तर ते पहिल्याच दिवशी जात नव्हतं, आणि मला कारण सापडत नव्हतं.

आणि मी स्टार्टअपमध्येच, म्हणजे ॲड-इन सुरू होतानाच, अशिलांची अख्खी यादी सर्व्हरवरून आणत होतो. माझ्याकडे ती पापणी लवायच्या आत यायची. तिथे सकाळी सगळी मशीनं एकदमच सुरू व्हायची, सर्व्हरवर गर्दी व्हायची.

तेव्हापासून माझा एकच हेका आहे: स्टार्टअपमध्ये इव्हेंट जोडा, म्हणजे काय घडलं की आपला कोड चालायचा तेवढं सांगा, आणि बाहेर पडा. यादी बटण पहिल्यांदा दाबल्यावर आणा, नाहीतर मागच्या थ्रेडवर आणा, म्हणजे मुख्य कामाला न अडवता बाजूला चालणाऱ्या कामात. मात्र त्या थ्रेडवरून आउटलुकच्या ऑब्जेक्टना हात लावू नका, ते मुख्य थ्रेडवरच. आणि हो, ज्या ऑब्जेक्टचे इव्हेंट ऐकताय तो क्लासच्या पातळीवर धरून ठेवा. फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलात तर नको असलेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर तो उचलून नेतो आणि इव्हेंट गुपचूप बंद पडतात. हा दोष शोधण्यात लोकांचे आठवडे गेलेले मी पाहिलेत.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. तर पोहोचवणं, भराभर.

३२ की ६४ बिट हे विंडोजवरून ठरवू नका, ऑफिसवरून ठरवा. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट ऑफिस सर्रास असतं, आणि त्याच्या मशीनपातळीच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, वेगळ्या फांदीत, वाओ६४३२नोडखाली जातात. लोडबिहेविअर, म्हणजे ॲड-इन आपोआप सुरू व्हावं की नाही ते सांगणारा तिथला आकडा, ३ हवं. सुरू होताना न पकडलेला एक्सेप्शन, म्हणजे कोडने न हाताळलेली चूक, आला की ते २ होतं, म्हणून तक्रार आली की पहिल्यांदा तिथे बघा. बसवायच्या दोन पद्धती: क्लिकवन्स प्रत्येक वापरणाऱ्यासाठी वेगळं बसतं, सगळ्या मशीनला एकदम द्यायचं तर एमएसआय, म्हणजे विंडोजची इन्स्टॉलर फाइल. ॲड-इनवर डिजिटल सही करताना टाइमस्टॅम्प, म्हणजे सही कधी केली त्याचा शिक्का, घ्याच, नाहीतर सर्टिफिकेटची मुदत संपल्यावर सहीही निकामी.

आता मोठी गोष्ट: विंडोजवरच्या नव्या आउटलुकमध्ये कॉम ॲड-इन, म्हणजे जुन्या पद्धतीची, आउटलुकच्या आत चालणारी, चालतच नाहीत, व्हीएसटीओही त्यातच आलं. तिथे ऑफिस जेएसवरचं, म्हणजे ऑफिससाठीच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवरचं, वेब ॲड-इन लागतं. मॅनिफेस्ट, म्हणजे ॲड-इनची माहिती सांगणारी फाइल, मायक्रोसॉफ्टच्या ॲडमिन सेंटरमधून एकदा दिलं की सगळ्यांकडे पोहोचतं, पण लगेच नाही. थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रामनेही २०२० च्या ७८ व्या आवृत्तीत जुनी एक्स्टेन्शन, म्हणजे त्याच्याकडची ॲड-इन, बंद करून फक्त मेलएक्स्टेन्शन या नव्या पद्धतीची ठेवली. त्यामुळे आज नवं काही लिहायला घेत असाल तर मेलवरचं मुख्य काम वेगळ्या सेवेत ठेवा, आणि आउटलुकच्या बाजूला बटण, पॅनल एवढंच राहू द्या.

मॅनिफेस्टच्या आवृत्त्यांचं राहिलं. ती स्लाइड पडद्यावर ठेवतो, उतरवून घ्या.